वाडी, वसाहत आणि कोपी

वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभे राहिले की प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हे केले कसे?’ हा. खुद्द ज्याने केले त्यालाही तो पडला होता, असे वडोदऱ्याचा ताम्रपट सांगतो. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाने इ. स. ८१२-१३ मध्ये दिलेल्या या दानपत्रात कृष्णराजाच्या या शिवालयाचे वर्णन आहे. ते पाहून विमानातून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्या शिल्प्याने ते घडवले तोही आपण हे कसे केले म्हणून चकित झाला, असा त्याचा आशय. राजाचे नाव त्यात आहे, देवांचा उल्लेख आहे. शिल्प्याचे नाव मात्र नाही. ते नाव लोककथेने पुरवले. ‘कथाकल्पतरू’तल्या कथेत पैठणचा कोकस नावाचा कारागीर येतो. राणीला देवळाचे शिखर लवकर पाहायचे होते, म्हणून त्याने काम वरून खाली करत आणले.

दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. कोकस आणि त्याची माणसे राहत कुठे होती? कित्येक वर्षे छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या माणसांना छप्पर लागले असेल, पाणी लागले असेल, बायकापोरे असतील. त्यांच्या वस्तीची खूण आज पाहणाऱ्याला दिसत नाही. दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. सुतार मंडळी तिथल्या बुद्धमूर्तीत विश्वकर्मा पाहत आणि तिची पूजा करत. खुद्द सुतारांच्या झोपड्या मात्र काळाने पुसून टाकल्या. मोठे काम उरते, ते करणाऱ्यांची घरे उरत नाहीत.

वेरूळहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की खुलताबाद आणि दौलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून हातकागद करणारी घराणी इथे वसली अशी परंपरा आहे. दरबाराला कागद हवा होता, म्हणून कागद्यांना गाव मिळाले. कारागिरांना वसवण्यामागे वसवणाऱ्याची गरज असते, ही गोष्ट आपल्या मातीत जुनीच आहे. तिला दानशूरपणाचे आणि समाजसेवेचे नाव मिळाले ते कारखानदारीच्या युगात. आणि तेव्हापासून वाद सुरू झाला. कारखानदारांनी कामगारांसाठी टुमदार गावे उभारली ती दयेपोटी की नफ्यापोटी?

निवडुंगातले गाव

महाराष्ट्रात या प्रश्नाला तोंड द्यायचे तर किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात आधी सायकलींचा आणि मग शेतीच्या अवजारांचा धंदा करत होते. ठळकवाडीतली कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली. त्या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. १० मार्च १९१० रोजी काम सुरू झाले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाचे रान, दगडगोटे आणि साप. पाण्याचा पत्ता नाही. अशा जागी पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे आली. पुढे हे गाव एवढे वाढले की स्टेशनाचे ‘कुंडल रोड’ हे नाव जाऊन ‘किर्लोस्करवाडी’ झाले.

आता हिशेबी नजरेने पाहू. लोखंडी नांगर करायचा तर साचे करणारा हवा, ओतकाम जाणणारा हवा, लेथ चालवणारा हवा, हिशेब ठेवणारा हवा. ही माणसे बेळगाव-मुंबईसारख्या शहरांत मिळत. त्यांनी रोजगार सोडून निवडुंगात यावे ते कशासाठी? आणि आलाच एखादा, तर बायकोने पाण्यासाठी दोन मैल चालावे आणि पोराने शाळेवाचून राहावे, हे किती दिवस सोसेल? ओतारी पळाला की भट्टी थंड. म्हणजे वाडीतली पहिली घरे, विहीर, दुकान, शाळा हा कारखान्याच्या यंत्रसामग्रीचाच भाग होता. लेथशिवाय नांगर होत नाही, तसाच घराशिवायही होत नव्हता. यात दया शोधण्याचे कारण नाही, आणि नफेखोरीचा आरोप करण्याचेही नाही. ती निकड होती.

पण निकडीने सगळे उलगडत नाही. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. ज्या काळात मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे, त्या काळातला हा दंडक आहे. नांगराचा खप त्याने वाढत नव्हता. उलट, ज्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तो या असल्या गोष्टींनी बिचकण्याचाच संभव जास्त. लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा वाडीच्या वसाहतीची घडी बसवत होते. त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना हाताशी धरले आणि वाडीच्या राखणीवर नेमले. ज्या जातींकडे सरकारी दप्तर जन्मजात संशयाने पाहत होते, त्यांच्याच हाती गावाच्या किल्ल्या दिल्या. पुढे १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हा खुला तुरुंग उभा राहिला. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे त्याचीच प्रेरणा होती. माणसावर विश्वास टाकण्याचा हा प्रयोग त्याच संस्थानाच्या भूमीवर वाडीने आधीच करून पाहिला होता.

आणखी एक गोष्ट. या आडरानातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. पण तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना बुद्धिवाद, विज्ञान आणि स्त्रियांचे प्रश्न यांवर विचार करायला लावणारी ही मासिके नांगरांच्या कारखान्याच्या शेजारी छापली जात होती. जाहिरातीसाठी पेरलेल्या बीतून असे झाड उगवले. नफ्याच्या वहीत याची नोंद कोणत्या खात्यावर करणार?

तेव्हा वाडीपुरते उत्तर असे देता येईल. निकडीने आणि नफ्याने जेवढे उलगडते तेवढे वजा करावे. जे शिल्लक उरते ते त्या माणसांचे स्वतःचे. किर्लोस्करवाडीत ही शिल्लक बरीच मोठी आहे.

नागपूरची गिरणी, मुंबईची चाळ

याच कसोटीने दुसरी दोन ठिकाणे पाहू.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यापुढे मोठी डोकेदुखी होती ती रोज कामावर न येणाऱ्या कामगारांची. माणूस गावी गेला की केव्हा परतेल याचा भरवसा नसे. दंड करून हे सुटेना, तेव्हा गिरणीने उलट वाट धरली. नियमित येणाऱ्याला बक्षीस, म्हातारपणी निवृत्तिवेतन, अपघात झाला तर भरपाई, भविष्यनिर्वाह निधी. कायद्याने या गोष्टी मालकांवर बंधनकारक केल्या त्याच्या कितीतरी आधीचे हे आहे. त्यातून पुढे कामगारांच्या घरांचा विचार झाला आणि इंदोऱ्याला आदर्श वस्ती आखण्यात आली. तिचे वेगळेपण असे की, कामगाराला हप्त्याहप्त्याने घर आपले करून घेण्याची सोय होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा या प्रयोगाची दखल घेतली.

मुंबईत चित्र वेगळे. देशातल्या सर्वांत श्रीमंत गिरण्या तिथे होत्या, पण गिरणीमालकांनी बांधलेल्या चाळी कामगारांच्या संख्येच्या मानाने थोड्याच. बहुतेक कामगार खासगी घरमालकांच्या चाळींत एकेका खोलीत पाच-सहा ते दहा-बारा जण असे राहत. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या त्या सरकारने. नागपूरच्या मालकाला सुचलेली गोष्ट मुंबईच्या मालकाला सुचली नाही, की तो मुळातच कठोर होता?

कारण साधे आहे. मुंबईला माणूस कमी पडत नव्हता. कोकणातून, घाटावरून बोटीने आणि रेल्वेने माणसे येतच होती. सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची रांग उभी असे. एक गेला तर दुसरा तयार. आणि माणूस बांधून ठेवण्याचे काम जॉबर करत होता. तोच कामावर लावायचा, अडीनडीला तोच व्याजाने पैसे द्यायचा, खोलीची सोयही पुष्कळदा त्याच्याच ओळखीने व्हायची. जे काम वाडीत घराने केले, ते मुंबईत कर्जाने केले.

इथे आपल्याला पहिला धागा हाती लागतो. कामगारांसाठी गाव कोण बांधतो? ज्याला कुशल माणूस मिळणे अवघड आणि टिकवणे त्याहून अवघड, तो बांधतो. ओसाड माळावरचा कारखानदार बांधतो. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ ऊस आणि साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांना वालचंदनगर बांधावेच लागले. कराडजवळ काचेचा आणि प्रभाकर कंदिलाचा कारखाना काढणाऱ्या ओगले बंधूंची ओगलेवाडी झाली. जमशेदपूर झारखंडच्या जंगलात झाले. गावाचा सुबकपणा मालकाच्या मनावर अवलंबून असेल, पण गाव असणे हे बहुधा नकाशावर अवलंबून असते.

दयेचे भाडे

जगाचा अनुभवही असाच आहे. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्टने १८५० च्या दशकात लोकरीच्या गिरणीभोवती सॉल्टेअर वसवले. हवेशीर घरे, शाळा, दवाखाना, सगळे दिले. पण दारूचा गुत्ता असू दिला नाही. कामगाराने कसे राहावे हेही मालकच ठरवणार. अमेरिकेत शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० पासून विटांचे देखणे शहर उभारले. १८९३ ची मंदी आली तेव्हा त्याने मजुरी कापली. घरभाडे मात्र कमी केले नाही. मजुरी देणारा आणि भाडे घेणारा एकच. १८९४ मध्ये संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, सैन्य आले, माणसे मेली. शेवटी १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्यासाठी न लागणारी मालमत्ता विकायला लावली.

याउलट चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरीने बोर्नव्हिलची वस्ती १९०० मध्ये एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केली. घर मिळण्यासाठी कॅडबरीचा कामगार असण्याची अट नव्हती. नोकरी गेली तरी घर जात नव्हते.

पुलमन दुष्ट आणि कॅडबरी सज्जन, असे म्हणून विषय मिटवता येईल. पण मला इथे माणसांच्या स्वभावापेक्षा व्यवहाराचा एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. घराची किल्ली आणि कारखान्याचे फाटक एकाच कडीत अडकवले आहे की नाही? अडकवले असेल तर घर हे मजुरीचाच एक हप्ता असते, आणि तो परत मागून घेता येतो.

हे मला पुस्तकात वाचून कळलेले नाही. माझे वडील एका कारखान्यात नोकरीला होते आणि माझे सगळे लहानपण कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेले. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणीघर. गल्लीत गणपती, मैदानात क्रिकेट, भोंग्यावर घड्याळ लावायचे. इतके सुखाचे बालपण मी नंतर कोणाचे पाहिले नाही आणि त्याबद्दलची कृतज्ञता अजून आहे. वडील निवृत्त झाले आणि काही महिन्यांत घर सोडावे लागले. ताबा घ्यायला आलेल्या कारकुनाने यादी काढून बल्बचे होल्डर मोजले, नळ मोजले, कड्या मोजल्या. मागच्या अंगणातला एक नळ वडिलांनी पदरच्या पैशाने बसवला होता. तो यादीत नव्हता. कारकुनाने तो शाईने यादीत चढवला आणि सही घेतली. वडील काही बोलले नाहीत. तीस वर्षे राहून त्या घरात आमचे म्हणावे असे काहीच नव्हते, हे त्या दिवशी त्यांना कळले असावे. कारकूनही वाईट नव्हता. त्यालाही एक दिवस तेच करायचे होते.

कुंपणाबाहेर

आदर्श गावाची आणखी एक अडचण असते. ते कुंपणाच्या आत आदर्श असते. किर्लोस्करवाडीच्या शेजारचे कुंडल हे स्वातंत्र्यलढ्यात प्रतिसरकारचे मोठे ठाणे होते. भोवतालच्या गावांत जमिनीचे, सावकारीचे आणि जातीचे ताण खदखदत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीतून सुटला नाही. ज्या वाडीने जातिभेद पाळायचा नाही असे ठरवले होते, ती बाहेरच्यांना मात्र विशिष्ट जातीच्या मालकाची वाडी म्हणूनच दिसली. तो जमाव अन्यायीच होता. पण एका गावाने स्वतःपुरता चांगुलपणा साधला, तरी आजूबाजूच्या दहा गावांशी असलेला हिशेब त्याने मिटत नाही, हेही त्या आगीत दिसले. वाडी पुन्हा उभी राहिली आणि कारखाना आजही चालतो.

स्वातंत्र्यानंतर या जबाबदाऱ्या हळूहळू सरकारकडे आल्या. १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा, १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आणि त्याच वर्षी औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना. एम्प्रेस मिलने मर्जीने दिलेले आता हक्काने मिळू लागले. हा मोठाच पल्ला होता. मर्जी कितीही गोड असली तरी ती मोडता येते. हक्क मोडला तर निदान कोर्टात जाता येते.

कोपी

मालकी बदलली की घरांचा प्रश्न सुटतो, असे वाटण्याचाही एक काळ होता. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. मालक आता मुंबईचा शेठ नव्हता, ऊस पिकवणारा शेतकरीच होता. पुढे महाराष्ट्रभर सहकारी कारखाने झाले. त्यांच्याभोवती वसाहती झाल्या, शाळा, महाविद्यालये, दवाखाने झाले. फिटर, केमिस्ट, कारकून, शेतकी अधिकारी यांना क्वार्टर मिळाले.

ऊस तोडणाऱ्याला मिळाली कोपी.

दर वर्षी दिवाळी संपते न संपते तोच बीड, जालना आणि आमच्या जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. वर शिधा, भांडी, कोंबड्या, पोरे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. गणती माणसांची होत नाही, हत्याराची होते. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात बांबू, पाचट आणि ताडपत्री यांच्या कोप्या पडतात. वाकून आत जायचे, वाकून बाहेर यायचे. पहाटेच्या अंधारात फडावर जायचे. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, मुलांसाठी गावाकडे वसतिगृहांच्या योजना आल्या. तरी कोपी आहे तिथेच आहे. गळीत हंगाम चार-सहा महिन्यांचा, पण एका आयुष्यात असे तीस-तीस हंगाम होतात.

वाडीच्या ओताऱ्याला घर मिळाले आणि याला नाही, असे का? ऊस वेळेत तुटला नाही तर कारखाना बंद पडतो, म्हणजे गरज तेवढीच आहे. माणूस ऐन हंगामात पळून जाण्याची भीतीही तेवढीच आहे. मात्र त्या भीतीवरचा उपाय इथे वेगळा काढला आहे. त्याचे नाव उचल. पावसाळ्यात, लग्नाकार्याला, दवाखान्याला पैसा लागतो तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडायची तोडीतून. फिटली नाही तर पुढच्या हंगामात. मुंबईच्या जॉबरचा हा खेड्यातला सख्खा भाऊ.

घर आणि उचल या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात. एकीकडे कौलारू घर, शाळा आणि वाचनालय, दुसरीकडे ताडपत्री आणि वहीतले देणे. पण दोन्हींचे काम एकच आहे. माणूस जाऊ नये. घर देऊन माणूस टिकवता येतो, कर्ज देऊन बांधता येतो. कोणता मार्ग स्वस्त पडतो हे बाजार ठरवतो. कोणता मार्ग माणसाला शोभतो हे ठरवणे मात्र माणसाच्याच हाती असते. म्हणूनच ‘दया की नफा’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. नफा दोघांनाही हवा होता. किर्लोस्करांनी त्या गरजेतून वाडी काढली, त्याच गरजेतून साखरपट्ट्यात कोपी आली. हेतूत फरक कमी, वाट निवडण्यात जास्त. आणि त्या निवडीलाच दया म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. फक्त ती मालकाच्या मनात शोधू नये, कामगाराच्या घरात शोधावी.

वाळूजच्या वाटेवर

संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. १९८० च्या दशकात इथे मोठे कारखाने आले, मराठवाड्यातल्या हजारो तरुणांना पहिल्यांदा फाटकाच्या आतला पगार मिळाला. ‘वसाहत’ हा शब्द मात्र फसवा आहे. वसते ते यंत्र. माणसे बजाजनगर, रांजणगाव अशा वस्त्यांत स्वतःच्या हिमतीवर राहतात. जुन्या, कायम कामगारांनी प्लॉट घेतले, कर्ज काढून मजले चढवले. आज त्याच मजल्यांवरच्या खोल्यांत कंत्राटी पोरे तिघे-चौघे मिळून भाड्याने राहतात. त्यांना टिकवण्याची कोणाला घाई नाही, कारण दारात रांग आहे. मुंबईची गोष्ट पुन्हा घडते आहे. एक फरक मात्र आहे. खोलीचा मालक आता बहुधा कालचा कामगारच असतो.

तरी त्या कालच्या कामगाराचे घर त्याच्या नावावर आहे. निवृत्तीच्या दिवशी कोणी येऊन त्याचे नळ मोजणार नाही. नागपूरचा इंदोरा आज आंबेडकरी चळवळीचे मोठे केंद्र म्हणून ओळखला जातो. एम्प्रेस मिल बंद पडून वर्षे लोटली, त्या भागातले जीवन थांबले नाही. गिरणीवाल्यांनी माणसे टिकवण्यासाठी वस्ती आखली होती. पुढे त्या परिसरातल्या माणसांनी आपली स्वतःची ओळख उभी केली, ती कोणाच्या दयेची नव्हे की नफ्याची नव्हे. मालक गेल्यावर वस्तीचे काय होते, ही तिची खरी परीक्षा.

वेरूळच्या कोकसाला राजाने काय दिले ते कथा सांगत नाही. कदाचित चांगले वतन दिले असेल, कदाचित काम संपताच निरोप दिला असेल. बाराशे वर्षांनंतर आपल्याला फक्त देऊळ दिसते. या दिवाळीनंतरही कन्नडच्या, पैठणच्या रस्त्यांवरून कोयते निघतील, आणि हंगाम संपला की त्यांच्या कोप्यांच्या जागी नुसता काळा राखेचा डाग उरेल. पुढे कधी कोणी आपल्या काळातल्या कारखान्यांची, धरणांची, उड्डाणपुलांची थोरवी लिहायला बसला, तर त्याला ती माणसे कुठे राहत होती याचा माग लागावा, एवढे तरी आपल्या हातून व्हायला हवे.